ड्रिल आईच्या हाताच्या मापाचं

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बॅटरीवरच्या ड्रिलचं पार्सल बुधवारपर्यंत पोचेल. उघडल्या उघडल्या बाबा म्हणणार, "हे खेळणं कशाला?" म्हणून आधीच लिहिते.

गणपतीत बाबा स्टुलावर उभे, मनगटात पट्टी बसवलेल्या हातात ते जुनं वायरवालं ड्रिलचं धूड, वायर खिडकीतून पडवीपर्यंत ताणलेली. आई, तू एका हाताने स्टूल धरलेलंस आणि दुसऱ्या हाताने भिंतीला जुन्या कॅलेंडरचं पान, लाल भुगा पडू नये म्हणून. सणासुदीला वाद नको म्हणून मी गप्प बसले.

परवा बोहरी आळीत दोन तास काढले. दुकानदार १८ व्होल्टचं हॅमरवालं, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणारं, गळ्यात मारत होता. बॅटरीसकट पावणेदोन किलो. ते खांद्याएवढं वर धरून मनात आकडे मोजले. साठाला हात थरथरायला लागला. १२ व्होल्टचं जेमतेम किलोभर. (मुळात ते १०.८ व्होल्टच. पूर्ण चार्ज झालं की बारापर्यंत जातं, म्हणून खोक्यावर बारा छापतात. बाबांना हे आवडेल.) बिजागऱ्या, पडद्याचे दांडे, फळ्या, एवढ्याला ते पुरून उरतं.

तरी पहिलं बारावालं परत ठेवलं. त्याची बॅटरी मुठीत बसते, त्यामुळे मूठ वरवंट्याएवढी जाड. माझी बोटंच नीट वळेनात, आणि आई, तुझा हात माझ्याच मापाचा. घेतलं त्याची बॅटरी खाली पायासारखी सरकते. मूठ बारीक, आणि मशीन ओट्यावर उभं राहतं. हो, हे तुझ्यासाठीच आहे. कपाटाचे स्क्रू सुरीच्या टोकाने आवळतेस ते मला माहीत नाही असं समजू नकोस.

पुढची आकड्यांची रिंग म्हणजे क्लच. बिजागरीला ३-४ वर ठेव. स्क्रू बसला की कटकट आवाज होऊन फिरणं थांबतं, प्लायवूड फाटत नाही. कमीच वाटलं तर एकेक आकडा वाढव. भोक पाडताना रिंग ड्रिलच्या चित्रावर. वरचं वेगाचं बटण स्क्रूला १ वर, भोकाला २ वर. ट्रिगर हळूहळू दाबायचा, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा. तुला शिकवायला नकोच. फुलीच्या स्क्रूला दोन नंबरचा बिट (पुढे लावायचं टोक) बहुतेक वेळा चालतो.

बाबा, आता भिंतीचं. यात हॅमर नाही, आणि आपल्या चिऱ्याला तो नकोच. जांभा ठोकला की भुसभुशीत होऊन भोक ऐसपैस होतं, मग स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टी गरागरा फिरते. देवघराच्या फळीचं तेच झालं. दगडात भोक पाडायचा बिट लावून, न ठोकता हळू पाडा. तरी सैल झालंच तर आजोबा करायचे तसं, सागाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू. स्लॅबला मात्र हे लावू नका, तिथे तुमचं धूडच लागेल, आणि ते मी आल्यावर मी चालवीन.

बॅटऱ्या दोन आहेत. एक वापरात, एक चार्जरवर. पावसात आपली लाइट जाण्याआधी दोन्ही भरून ठेवा. महिनाभर काम नसेल तर मात्र अर्धवट चार्ज ठेवून लोखंडी कपाटात, माळ्यावर नको, तिथे पत्रा तापतो. बिटांना शिलाई मशीनचं तेल पुसा, नाहीतर श्रावणापर्यंत गंज.

आई, स्वयंपाकघरातल्या कपाटाचं डावं दार तेवढं राहू दे. तिथली भोकं मोठी झालीत, लांब स्क्रू लागतील. ते मी दिवाळीला घेऊन येतेय.

तुमची,
बाय