उपाहारगृहात जायफळाची कॉफी का मिळत नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हल्ली गल्लोगल्ली कॅफे निघालेत, पेपरात पण कोल्ड ब्रू, लाटे, पोअर ओव्हर असं काही ना काही छापून येत असतं, छान आहे, मलाही ते सगळं आवडतं. पण आपल्या मराठी घरातली जायफळ घातलेली दुधाची कॉफी, तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही, आणि बाहेर तर ती मिळतच नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे रोजचा तो चहाच, त्यात वादच नाही. कॉफी व्हायची ती उपासाला, पाहुणे उशिरापर्यंत बसले की, नाहीतर लग्नघरात रात्री सगळी आवराआवर झाल्यावर, मोठ्ठं पातेलं चढायचं आणि दमलेली सगळी माणसं कप घेऊन जमिनीवरच बसायची, खऱ्या गप्पा तेव्हाच व्हायच्या. करायला काही अवघड नाही, पण नीट करावी लागते. दूध चांगलं तापू द्यायचं, साखर, मग कॉफी, एक उकळी, आणि गॅस बंद करता करता जायफळ किसून लगेच झाकण. आधी घातलं तर वास उकळीबरोबर उडून जातो. आणि बेतानंच हं, चार कपांना चिमूटभर पुरे, जास्त झालं की कडवट लागतं.

माटुंग्याला बघा, तिथल्या दाक्षिणात्य हॉटेलवाल्यांनी आपली फिल्टर कॉफी किती जपलीय! रात्री फिल्टरमधे पावडर दाबून गरम पाणी ओतायचं, थेंब थेंब डिकॉक्शन खाली उतरू द्यायचं, हा घरातला प्रकार त्यांनी तसाच हॉटेलात आणला आणि आज लोक लांबून लांबून त्यासाठी येतात. मग आपल्या उपाहारगृहात थालीपीठ मिळतं, साबुदाणा वडा मिळतो, पियूष मिळतं, आणि कॉफी मागितली की मात्र इन्स्टंट पावडर फेसाळून समोर येते, हे का? मला खरंच वाईट वाटतं.

पावडरीबद्दल पण सांगते. आपल्या घरात बहुतेक चिकोरीवालीच कॉफी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ, त्यात कॅफीन नसतं पण दुधाच्या कॉफीला रंग आणि दाटपणा छान येतो, त्यामुळे माझी तक्रार नाही. फक्त पाकीट उलटं करून टक्के वाचा. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते आणि चिकोरी किती ते छापावंच लागतं. दुधात जायफळाबरोबर कॉफीची चव पण लागायला हवी असेल तर चिकोरी कमी असलेलीच घ्या.

आणि या कॉफीतल्या दोन्ही वस्तू आपल्या राज्यात पिकतात हे किती जणांना माहीत असतं? देशातली बरीचशी कॉफी कर्नाटकातली हे खरं, पण मेळघाटात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत, थोडीच आहेत पण आहेत. जायफळ तर कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून घेतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती त्यासाठीच काढल्यात. चिखलदऱ्याची कॉफी आणि कोकणातलं जायफळ एका कपात, असं कुणी करून विकलं तर मी पहिली गिऱ्हाईक.

तेव्हा ज्यांची मराठी उपाहारगृहं आहेत त्यांना कळकळीची विनंती, निदान एकादशी, महाशिवरात्रीला खिचडीबरोबर ही कॉफी ठेवून बघा. फक्त तयार जायफळ पूड वापरू नका, अख्खं जायफळ आणि छोटी किसणी जवळ ठेवा आणि प्रत्येक कपावर ऐन वेळी किसा.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली