पिरनवाडीची पाटी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस आणि फिजिक्सच्या नोट्सची झेरॉक्स टेबलावरच राहिली. मी चाळली. पान न् पान पिवळ्या मार्करनं भरलेलं, काही ओळींवर तर दोनदा फिरवलेला. अभ्यास केला नाहीस असं कोण म्हणेल? तरी इंटर्नलला 50 पैकी 17. ‘आप्पा, वाचताना सगळं येत होतं हो,’ म्हणालीस आणि रडलीस. ते माझ्या मनातून जाईना, कारण अगदी हेच मी एकदा तुझ्या आजोबांना सांगितलं होतं.

नोकरी लागली तेव्हा मला कन्नडची परीक्षा पास व्हायची होती. शिक्षण सगळं मराठीतून झालेलं. खानापूरहून बेळगावला बसनं जाताना खिडकीतून गावांच्या कन्नड पाट्या वाचायचो : गणेबैल, मच्छे, पिरनवाडी. महिन्याभरात एकही अडेना. मग परीक्षेसाठी धारवाडला निघालो. कित्तूर मागे पडलं, अनोळखी गावं लागली आणि एक पाटी धड वाचता येईना. तेव्हा कळलं, पिरनवाडीची पाटी मी कधी वाचलीच नव्हती. गाव ओळखीचं, वळण ओळखीचं, म्हणून वाचल्यासारखं वाटायचं. त्या खेपेला नापास झालो.

तुझ्या पिवळ्या ओळींचं तेच झालंय गं. तिसऱ्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि आपल्याला वाटतं, आलं. पेपरात ओळ समोर नसते.

यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून, तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढं तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे 61. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री जास्त कोणाला होती? वाचणाऱ्यांना.

तेव्हा एक प्रकरण वाचलंस की झेरॉक्स उलटी ठेव आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. आधी मराठीत आलं तरी चालेल. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीनं कल्पना मराठीत मांडली तर कमीपणा कसला? मुद्दा पक्का झाला की मग इंग्रजीत लिही, पेपर त्याच भाषेत आहे. जिथं अडशील तेवढंच उघडून बघ. पहिले काही दिवस फार जड जाईल, कागद अर्धा रिकामा राहील. घाबरू नकोस. आठवायला जो जोर लागतो त्यानंच ते पक्कं होतं.

आणि हे त्याच संध्याकाळी कर, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरणं मोजलं, 1885 साली. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो, पुढं वेग मंदावतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण मात्र बंद. वाचलेलं डोक्यात बसायला झोप हवी.

गणिताचं थोडं वेगळं. कन्नडचे ‘प’ आणि ‘ष’, ‘व’ आणि ‘म’ दिसायला सख्खी भावंडं. पानभर ‘प’, मग पानभर ‘ष’ असं घोटलं की हात आपोआप चालायचा, शब्दात आले की घोटाळा. मग तुझी आई चारी अक्षरांचे शब्द मिसळून सांगायची आणि मी न बघता पाटीवर लिहायचो. चुका भरपूर व्हायच्या, पण दुसऱ्या खेपेला सुटलो. तूही एकाच रीतीची वीस गणितं ओळीनं सोडवतेस. तिथं रीत कोणती हे प्रकरणाचं नावच सांगून टाकतं. चार प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरव, एका डब्यात टाक आणि न बघता उचल.

येत्या रविवारी ये. आई शेंगदाण्याची चटणी करून ठेवणार आहे. झेरॉक्स मी हातात धरतो, तू तोंडी सांग. फिजिक्स मला कळत नाही, पण मुलं कुठं अडतात ते ओळखण्यात माझा जन्म गेला.

तुझे,
आप्पा