शीटवर ड्यूटी लावा साहेब, पण बाहेरून येणारा तयार सिंक मोकळा सोडू नका : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना सोलापूरहून खुलं पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं स्टीलचं छोटं वर्कशॉप आहे. हॉटेल, मेस, मंगल कार्यालय, मठ, अन्नछत्र यांना लागणारं किचनचं सामान बनवतो, म्हणजे सिंक, टेबल, रॅक, भट्टीचे स्टँड, वाढपाच्या ट्रॉल्या. माणसं आठ, मी धरून नऊ. सोलापूर म्हटलं की सगळ्यांना चादर आणि टॉवेलच आठवतो, ते बरोबरच आहे, पण ज्या रोडला टॉवेलचे लूम खडखडतात त्याच रोडला आमच्यासारखी पत्र्याची कामं करणारी शेडही आहेत आणि आमचं म्हणणं दिल्लीपर्यंत कधी जात नाही म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

विषय परदेशातून येणाऱ्या स्टीलवरच्या ड्यूटीचा. तिकडचं सरकार त्यांच्या कारखान्यांना स्वस्तात कर्ज देतं, जमीन देतं, कच्चा माल कमी भावात देतं, टॅक्स माफ करतं, आणि मग तो माल आपल्या बंदरात अशा रेटनं उतरतो की आपल्या मिलनं कितीही घाम गाळला तरी तो रेट बसत नाही. त्या सबसिडीइतकी ड्यूटी लावून फरक भरून काढायचा, त्याला काउंटरव्हेलिंग ड्यूटी म्हणतात, आपल्या १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यात कलम ९ मध्ये ती आहे. मी स्वतः स्टील विकत घेणारा माणूस आहे, ड्यूटी लागली की माझा खर्च वाढतो, तरीपण मी या ड्यूटीच्या बाजूनं आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

कारण आम्ही सोलापूरकरांनी कारखाना बंद पडणं काय असतं ते बघितलंय. १८७७ साली सुरू झालेली सोलापूरची कापडाची जुनी मिल गेली, मग एकेक करून बाकीच्या गेल्या, आणि गेलेली मिल परत उभी राहिली असं काही झालं नाही. माझे आजोबा मिलमध्येच होते. त्यामुळं देशातली स्टीलची मिल सबसिडीच्या मालापुढं बंद पडू दे, आम्हाला स्वस्त पत्रा मिळतोय ना बस, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. आज स्वस्त देतील, उद्या इथली मिल संपली की मग रेट कोण ठरवणार?

पण साहेब, ही ड्यूटी गेल्या आठ-दहा वर्षांत कशी लागली आणि कशी निघाली ते जरा बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनच्या स्टेनलेस स्टीलच्या शीट-कॉइलवर १८.९५ टक्के काउंटरव्हेलिंग ड्यूटी लागली, पाच वर्षांसाठी. पाच वर्षं पुरी व्हायच्या आधीच २०२१ च्या बजेटमध्ये ती थांबवली, मग १ फेब्रुवारी २०२२ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ती काढूनच टाकली, तेव्हा मेटलचे भाव वाढलेले होते आणि छोट्या उद्योगांना दिलासा हे कारण होतं, ते मला मान्य आहे, आम्हाला तेव्हा खरंच त्रास होता. नंतर परत चौकशी, परत तुमच्या डीजीटीआरची, म्हणजे अशा ड्यूटीची चौकशी करणाऱ्या तुमच्या ऑफिसची, शिफारस, आणि २०२३ मध्ये अर्थखात्यानं ती शिफारस घेतली नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये दुसरीच ड्यूटी, सेफगार्ड, १२ टक्के, आधी २०० दिवसांसाठी आणि वर्षाच्या शेवटी ती तीन वर्षांची झाली, १२, मग साडेअकरा, मग ११. ही साध्या आणि अलॉय स्टीलच्या पत्र्यावर, स्टेनलेसवर नाही.

आता यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाजारात लोक त्या एकच समजतात. सेफगार्ड म्हणजे माल अचानक फार यायला लागला म्हणून लावलेला बांध, त्यात समोरच्यानं काही गैर केलंय हे सिद्ध करावं लागत नाही. काउंटरव्हेलिंग म्हणजे मोजून लावलेली, कुठल्या देशानं कुठल्या कंपनीला किती सबसिडी दिली ते काढायचं आणि तेवढीच लावायची, त्यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि पाच वर्षांनी परत तपासायची. मला विचाराल तर दुसरी जास्त न्यायाची आहे. वेळ लागतो, कागद लागतात, पण मोजून असते, आणि मोजून असली की आम्हालाही हिशोब धरता येतो. आपल्यालाही दुसऱ्यांनी हेच माप लावलंय की, अमेरिकेनं आपल्या हॉट रोल्ड स्टीलवर अशीच ड्यूटी लावली होती, त्यात एक मुद्दा असा होता की एनएमडीसी ही सरकारी खाण कंपनी आपल्या मिलना लोहखनिज स्वस्तात देते म्हणजे ती सबसिडीच, आणि भारत ते भांडण २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेला होता. त्यामुळं मोजमाप पक्कं पाहिजे हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

माझं खरं दुखणं इथून पुढं आहे.

गेल्या साली आषाढीच्या आधी पंढरपूरच्या एका मठातून अन्नछत्रासाठी ऑर्डर आली, डबल बाऊलचे सिंक बारा आणि वाढपाची टेबलं. आमचा हिशोब कसा असतो सांगतो. ३०४ ग्रेडचं, म्हणजे चांगल्यातल्या स्टेनलेसचं, १८ गेजचं आठ बाय चारचं शीट सुमारे २८ किलो भरतं. एका डबल सिंकला पाय-पाइप धरून ४० किलोच्या आसपास माल जातो. रेट समजा २०० रुपये किलो धरला तर ८००० रुपयांचं नुसतं स्टील. त्यावर शिअरिंग, बेंडिंग, आर्गॉन वेल्डिंग, बफिंग, पोरांचा पगार, लाईट बिल, टेम्पो, आणि हे सगळं जाऊन एका सिंकमागं माझ्या हातात दीड हजार राहिले तर राहिले. शीटचा रेट १५ टक्के वाढला की १२०० रुपये गेले. आणि रेट वाढायला माझं शीट चीनचंच असावं लागतं असं नाही बरं का, परदेशी माल बंदरात कितीला उतरतो ते बघूनच इथल्या मिलचाही रेट ठरतो, त्यामुळं ड्यूटी आयातीवर लागली तरी देशी शीटसुद्धा वर सरकतं. कोटेशन मी पंधरा दिवसांच्या मुदतीचं देतो, मठाच्या कमिटीची मीटिंग महिन्यानं होते, आणि देवाच्या कामाला तोंड वर करून रेट वाढवून मागायचा म्हणजे जिवावर येतं. आम्ही ते काम केलं, वेळेत दिलं, राहिलं काहीच नाही. ते मी सोसतो, देशासाठी ड्यूटी पाहिजे म्हणतोय तर माझा वाटा मी उचलतोच.

पण त्याच महिन्यात सात रस्त्याकडचे एक हॉटेलवाले शेडवर आले, जुनं गिऱ्हाईक, मला म्हणाले, "मालक, हे बघा, रेडी सिंक, खोक्यातला, तुमच्यापेक्षा किती कमी." दोन सिंक त्यांनी सोबत आणलेले. खोक्यावर मेड इन चायना. मी ग्राइंडरनं कोपरा जरा घासला, टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकला आणि बॅटरी लावली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चुंबक लावून ३०४ आणि २०० सिरीज, म्हणजे स्वस्तातलं मँगनीजवालं स्टेनलेस, यांतला फरक कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत, थेंबानं कळतो. पहिल्या सिंकवर थोड्या वेळात लाल डाग आला, म्हणजे मँगनीजवाला हलका माल, वर छाप मात्र ३०४ चा. मला वाटलं चला, फसवणूक आहे, यांना समजावून सांगता येईल. मग दुसऱ्यावर थेंब टाकला. लाल झालाच नाही. परत टाकला, परत नाही. खरा ३०४ होता, वेल्डिंग पण साफ, आणि तरी त्याचा रेट माझ्या शीट आणि मजुरीच्या बेरजेपेक्षा कमी. मी त्यांना काय सांगणार? चहा पाजला आणि बाऊल कितीचा बसतोय तेवढं मोजून दिलं, फिटिंग आमच्याच पोरानं करून दिलं.

म्हणजे बघा साहेब, सबसिडीचं स्टील शीट म्हणून आलं तर तुम्ही त्याच्यावर ड्यूटीचा विचार करता. तेच स्टील सिंक होऊन, टेबल होऊन, भांडं होऊन, नळाची फिटिंग होऊन आलं की ते कस्टम्सच्या यादीत वेगळ्या हेडिंगखाली जातं आणि शीटची ड्यूटी त्याला लागत नाही, पण सबसिडी तर त्याच्या पोटात आहेच ना, ती कुठं गेली नाही. उलट शीटवर ड्यूटी लावली की माझं शीट महाग आणि तिकडच्या सिंकवाल्याचं शीट स्वस्तच, म्हणजे तुम्ही मिलला वाचवलं आणि मिलचं गिऱ्हाईक मारलं. मी शीट घेणं बंद केलं तर मिल तरी कुणाला विकणार?

हे करता येत नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेनं २०१३ मध्येच चीनमधून येणाऱ्या स्टेनलेसच्या सिंकवर अँटी-डंपिंग (पाडलेल्या भावात माल टाकला म्हणून लावतात ती ड्यूटी) आणि काउंटरव्हेलिंग दोन्ही लावल्या, सिंकवर, नुसत्या शीटवर नाही. आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडं २०१९ मध्ये चीन आणि व्हिएतनामच्या वेल्डेड स्टेनलेस पाइपवर काउंटरव्हेलिंग लागली आणि २०२४ मध्ये ती पुढं चालू ठेवली. पाइप म्हणजे काय, पट्टी वळवून वेल्ड केलेली. शीटच्या पुढच्या मालालाही ड्यूटी लागू शकते हे तुमच्याच खात्यानं करून दाखवलंय.

मग सिंकवाल्यांनी अर्ज का केला नाही असं विचाराल. चौकशी मागायची तर देशातल्या त्या मालाच्या एकूण उत्पादनापैकी निदान २५ टक्के उत्पादन करणारे पाठीशी उभे पाहिजेत. मिल हातावर मोजण्याइतक्या असतात, चार जण एकत्र आले की २५ टक्के होतात. आमच्या धंद्यात प्रत्येक गावात दहा-वीस शेडं, कुणाचं जीएसटी बिल आहे, कुणाचं जॉबवर्कवर चालतं, एकूण उत्पादन किती हेच कुणी मोजलेलं नाही तर त्याचे २५ टक्के कसे दाखवायचे? वर फॉर्म इंग्रजीत, वकील दिल्लीत, त्यांची फी आमच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त. आमचा सीए चांगला आहे पण तो म्हणाला हे आपल्या आवाक्यातलं नाही मालक.

या ड्यूटीच्या १९९५ च्या नियमात एक सोय आहे, अर्ज आला नाही तरी चौकशी करणारा अधिकारी स्वतःहून चौकशी सुरू करू शकतो, कस्टम्सकडून किंवा दुसरीकडून माहिती मिळाली तर. माझी पहिली मागणी हीच आहे, स्टेनलेसच्या सिंकसाठी आणि किचनच्या तयार सामानासाठी तुमच्या खात्यानं स्वतःहून आकडे काढावेत. आयातीचे आकडे तुमच्याकडं आहेत, आमच्याकडं नाहीत. आमची शेडं मोजायची असतील तर जिल्हा उद्योग केंद्र आहे, एमआयडीसीचं ऑफिस आहे, उद्यम नोंदणी आहे, महिनाभरात यादी होईल, आम्ही फिरून मदत करू.

दुसरं म्हणजे, त्याच नियमात असंही आहे की ज्या मालावर ड्यूटी लावायची तो माल वापरणाऱ्या उद्योगांना बाजू मांडायची संधी द्यायची. आम्ही ते वापरणारेच आहोत. पण सुनावणी कधी झाली हे आम्हाला ड्यूटी लागल्यावर डीलरकडून कळतं. स्टीलचा रेट बदलला की सकाळी दहाच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, तसा सुनावणीचा पण मराठीत एक मेसेज औद्योगिक संघटनांच्या ग्रुपवर आला तर काय अवघड आहे? सगळ्यांनी दिल्लीला यायची गरज नाही, ऑनलाइन घ्या, मराठीत बोलू द्या, पाच मिनिटं द्या. चौकशी एका शहराची नसते हे मला कळतं, पण इचलकरंजी, कोल्हापूर, सांगलीचे पण असेच लोक आहेत, एकत्र ऐका.

तिसरं म्हणजे, लावलेली ड्यूटी मध्येच काढू नका आणि काढलेली अचानक लावू नका. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. कमी लावा हवं तर, पण टिकवा. मला १० टक्के परवडतील जर ते तीन वर्षं तसेच राहणार हे माहीत असेल, कारण मग मी कोटेशनमध्ये धरतो. आज आहे उद्या नाही अशी ड्यूटी मला परवडत नाही, डीलर चढताना रेट त्याच दिवशी चढवतो आणि उतरताना जुना स्टॉक संपेपर्यंत उतरवत नाही, हे कुठल्याही मार्केटला विचारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा शेजारच्या टॉवेलवाल्यांची काय अवस्था झाली ते मी रोज बघितलंय, तयार टॉवेलच्या गठड्या पडून आणि लूमवर माणसं रिकामी बसलेली. परक्या देशाच्या एका कागदानं आपल्या गल्लीतलं काम कसं थांबतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून तर सांगतोय, आपल्या हातात जो कागद आहे तो नीट लिहा.

या पत्राची प्रत डीजीटीआरला आणि आमच्या खासदारांना पाठवतोय. सोबत तीन वर्षांची माझी शीट खरेदीची बिलं, त्याच काळातली सिंकची विक्रीची बिलं, आणि त्या दोन सिंकवरच्या टेस्टचे फोटो जोडलेत. अजून काही कागद लागले तर मागा, देतो. सध्या एका मंगल कार्यालयाचं कोटेशन माझ्याकडं पडून आहे, आठ सिंक, मुदत पंधरा दिवस घातलीय, त्यातले सहा गेले.

आपला,
एक फॅब्रिकेटर
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर