बी विंगमागील पट्ट्यात रानस्ट्रॉबेरी लावण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, गंगापूर रोड, नाशिक

महोदय,

बी विंगच्या मागे कडुनिंबाखाली भिंतीलगत जो 15 फुटांचा पट्टा आहे, तेथे दोनदा लावूनही लॉन टिकले नाही आणि आता पेव्हर ब्लॉक बसवण्याचे घाटत आहे, असे समजले. ते काम एक हिवाळा थांबवून ती जागा मला रानस्ट्रॉबेरीसाठी वापरू द्यावी, ही विनंती.

बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी अमेरिका खंडातल्या दोन जातींच्या संकरातून 18व्या शतकात फ्रान्समध्ये झाली. सुरगाणा-कळवणकडून आपल्याकडे येते तीही त्याच वंशातली. मी म्हणते ती वेगळी. तिचे फळ जेमतेम करंगळीच्या पेराएवढे असते, पण पिकलेले एक फळ बाल्कनीत असले तरी वास दारापर्यंत येतो. ती मुळात रानाच्या कडेची असल्यामुळे तिला विरळ सावली मानवते, आणि माझ्याकडील अल्पाइन प्रकार फुटवे सोडून पसरत नसल्याने शेजारच्या गुलाबांच्या वाफ्यावर अतिक्रमण होणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात काही रोपे जातील, हे आधीच सांगून ठेवते.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते व त्यात मुळे कुजतात. म्हणून पोयटा आणि शेणखत घालून सहा इंच उंच वाफा करीन व रोपाचा गाभा मातीखाली दबू देणार नाही. सर्व खर्च माझा राहील.

एक गोष्ट मात्र समितीनेच करावी लागेल. गेल्या वर्षी मी कुंपणाशी लावलेली 11 रोपे माळीकाकांनी आंबुटी समजून उपटली. त्यांचा दोष नाही. दोन्हींची पाने तीन-तीन दलांची, आणि पाटी लावायचे मला सुचले नव्हते. तरी आंबुटीची दले बदामी आकाराची, गुळगुळीत कडांची व फुले बहुधा पिवळी असतात, तर हिच्या दलांना करवतीसारखे दाते आणि फुले पांढरी, पाच पाकळ्यांची. हे मी त्यांना प्रत्यक्ष दाखवीन. आपण फक्त त्या पट्ट्यात तणनाशक फवारू नये अशी लेखी सूचना द्यावी, कारण मुले ही फळे न धुताच तोंडात टाकणार.

रोपे ट्रेमध्ये चार पानांवर आली आहेत. पाऊस ओसरताच, सप्टेंबरअखेर ती लावता यावीत, म्हणून येत्या सभेत निर्णय कळवावा.

आपली नम्र,
एक सभासद, बी विंग