सायन्स म्युझियमच्या वर्कशॉपमधून

प्रिय पक्या,

तू विचारलंस ना की म्युझियममध्ये तुम्ही लोकं दिवसभर करता तरी काय, बटण दाबलं की सगळं आपोआप चालतं. त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावेना म्हणून हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

अरे त्या बटणानेच आमचं निम्मं आयुष्य खाल्लंय. पोरं बटण दाबत नाहीत, बुक्की मारतात, आणि पुढे काय होतं ते बघायला न थांबता पुढच्या बटणाकडे पळतात. म्हणून आत टायमर असतो, एकदा चालू झालं की मग कितीही बडव, मोटरला फरक पडत नाही. डोअरबेलवालं बटण इथे टिकणारच नाही, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असतात तसली जाड बटणं लावतो.

थाळीतलं मुंडकं बघितलंयस ना, टेबलावर नुसतं डोकं आणि खाली सगळं रिकामं? तिथे दोन आरसे कोन करून उभे असतात, त्यात बाजूच्या भिंती दिसतात आणि आपल्याला वाटतं मागची भिंत दिसतेय, म्हणून सगळ्या भिंती अगदी एकसारख्या ठेवायच्या. पण आरशावर एक बोट उमटलं की खेळ खलास. त्यामुळे रोज दरवाजे उघडायच्या आधी कोणीतरी टेबलाखाली घुसून आरसे पुसतो, आणि बोटं बरोबर पहिली-दुसरीतल्या पोरांच्या उंचीवर असतात.

खरी वाट लागते पावसाळ्यात. व्हॅन डी ग्राफ जनरेटर माहितीये ना, गोळ्याला हात लावला की केस उभे राहतात तो. जानेवारीत झकास चालतो, जुलैत मुंबईच्या हवेत रबरी पट्ट्यावर आणि खांबावर ओलाव्याचा थर बसतो, चार्ज साठायच्या आधीच तिथून गळून जातो. मग शोच्या आधी आम्ही पट्टा हेअर ड्रायरने सुकवत बसतो. पोरांना वाटतं मशीन खराब आहे, खरं तर मशीन ठणठणीत असतं आणि दमटपणा दाखवायला याच्याइतकं भारी मॉडेल नाही, पण हे डोक्याला तेल चोपडून आलेल्या शंभर पोरांसमोर कोण सांगणार!

तुमच्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फुकोचा लंबक आहे, लांब तारेवर झोके घेणारा जड गोळा, पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू फिरताना दिसते. जमलं तर जाऊन बघ. फुकोने 1851 मध्ये पॅरिसला 67 मीटर तारेवर 28 किलोचा गोळा टांगून दाखवला होता. लोकांना वाटतं पृथ्वी 24 तासांत फिरते म्हणजे लंबकाची दिशापण 24 तासांत फिरेल, पण तसं फक्त ध्रुवावर होतं, पुण्यात एक फेरा पूर्ण व्हायला साधारण 76 तास लागतात, म्हणजे तासाला पावणेपाच अंश. पाच मिनिटं थांबून "काय हलत नाय" म्हणत निघून जाऊ नकोस. आणि हवेमुळे झोका हळूहळू कमी होतो ना, म्हणून असे लंबक दिवसभर चालवायला बहुतेक ठिकाणी एक इलेक्ट्रोमॅग्नेट लपवलेला असतो, दर झोक्याला बारीकसा हात देणारा.

नवीन मॉडेल करायचं तर आधी साध्या प्लायवूडचं ठोकतो, गॅलरीत ठेवतो आणि लांब उभं राहून बघतो. आपण हँडल फिरवायला दिलेलं असतं, पोरं त्यावर बसतात. मग पुन्हा वर्कशॉप. माझं म्हणशील तर जे मॉडेल कधीच बिघडत नाही त्याचीच मला काळजी वाटते, कारण त्याला कोणी हात लावत नसतं. हल्ली सगळ्यांना टच स्क्रीन हव्यात, मला नाही पटत, स्क्रीन तर पोरं घरी पण घासतातच की.

सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम नावाचं सायन्स म्युझियम आहे ना, 1969 मध्ये फ्रँक ओपेनहायमरने सुरू केलेलं, ॲटम बॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमरचा धाकटा भाऊ, तिथे वर्कशॉप लोकांना दिसेल असं ठेवलंय, वेल्डिंग, लेथ सगळं. आमच्याकडे मध्ये पार्टिशन आहे आणि ते काढा म्हणून मी साहेबांच्या मागे लागलोय. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला शाळेच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा तू बागेतल्या वाफेच्या इंजिनाखाली वाकून सगळे रॉड बघत बसला होतास, बस निघायची वेळ झाली तरी हलेनास, तसल्या पोरांसाठी तरी काढायला पाहिजे ते.

बरं, कामाचं बोलतो. तुझ्या भोसरीच्या ओळखीत कोणी जाड ॲक्रिलिकचे घुमट करून देईल का? मोठे हवेत, आणि पोरांनी थोबाड चिकटवलं तरी चरे न पडणारे. रेट विचारून कळव.

तुझाच,
बंड्या