तिचे कडवे का वगळले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पाश्चात्त्य विरहगीतांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात 'द ह्यूमन लीग' या ब्रिटिश बॅण्डच्या 'डोन्ट यू वॉन्ट मी' या १९८१ मधील गाण्याचे वर्णन 'सोडून गेलेल्या प्रेयसीला घातलेली आर्त साद' असे केले आहे. गाणे सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बांधलेले असल्यामुळे त्यातला विरह कोरडा वाटतो, असेही लेखकाने म्हटले आहे. इंग्रजी गाण्यांवर मराठीत आस्थेने लिहिणारे फार थोडे आहेत, त्यामुळे लेखकाविषयी मला आदरच आहे. परंतु या एका गाण्याच्या बाबतीत त्यात जे आहे त्याच्या नेमके उलटे वाचकांपर्यंत गेले, असे मला वाटते, आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लेखात गाण्याचा जो आशय दिला आहे तो पहिल्या कडव्यापाशी संपतो. ते कडवे पुरुषाचे आहे. तू एका बारमध्ये वेट्रेस होतीस, मी तुला हेरले, तुला नवे रूप दिले, आणि आज पाच वर्षांनी जग तुझ्या पायाशी आहे, असे तो तिला सांगतो. इथपर्यंत दुखावलेल्या माणसाचे बोलणे म्हणून ते समजून घेता येईल. पण पुढे त्याच सुरात तो तिला बजावतो की, तुला इथवर आणले ते मी, आणि पुन्हा खाली उतरवणेही माझ्याच हातात आहे. याला साद कशी म्हणावी? ही धमकी आहे, आणि तिच्या पाठोपाठ येणारे 'तुला मी नको का' हे ध्रुवपद त्या धमकीच्या सावलीतच ऐकावे लागते.

त्यानंतरचे कडवे तिचे आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ती वेट्रेस असल्याचे नाकारत नाही; तेवढे खरे आहे, असे सरळ मान्य करते. मात्र तेव्हाही मला ठाऊक होते की याहून चांगल्या जागी मी पोहोचणार, तू असलास तरी आणि नसलास तरी, असे ती म्हणते. आपली पाच वर्षे चांगली गेली, माझे तुझ्यावर अजूनही प्रेम आहे, पण आता माझे आयुष्य मला एकटीने जगायचे आहे, असे सांगून ती थांबते. त्याने ज्या वस्तुस्थितीवरून सुरुवात केली तीच ती उचलते आणि तिचा अर्थ पालटून दाखवते, आणि हे करताना एकही कडवट शब्द वापरत नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूचा सवाल ऐकून कोणी उठून जात नाही, कारण खरी रंगत जवाबात असते. हे गाणे सवाल-जवाबाचेच आहे. जवाब वगळला तर जे उरते ते दुसरेच गाणे होय.

हे माझे मनचे अर्थ लावणे नव्हे. बॅण्डच्या फिलिप ओकी या गायक-गीतकाराला मूळ कल्पना किशोरवयीन मुलींच्या एका मासिकातील छायाचित्रकथेवरून सुचली होती, आणि आरंभी ते एकट्या पुरुषानेच गायचे होते. पुढे त्याचे द्वंद्वगीत झाले आणि तिचे कडवे बॅण्डमधील गायिका सुझन अ‍ॅन सली हिच्याकडे आले. हे प्रेमगीत नसून स्त्री-पुरुषांमधील सत्तेच्या ओढाताणीचे, काहीसे ओंगळ गाणे आहे, असे स्वतः ओकी यांनी नंतर सांगितले आहे. त्यांना ते फारसे आवडलेही नव्हते. 'डेअर' या अल्बममध्ये ते सर्वांत शेवटी ठेवले होते, आणि स्वतंत्र तबकडी म्हणून ते काढावे हा आग्रह रेकॉर्ड कंपनीचा होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये ती तबकडी निघाली, ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि जुलै १९८२ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

सलीच्या आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. १९८० मध्ये बॅण्ड फुटला होता, परदेश दौरा तोंडावर आला होता, आणि अशा वेळी ओकी यांनी शेफिल्डच्या एका नाइट क्लबमध्ये नाचणाऱ्या दोन शाळकरी मुलींना, सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल यांना, बॅण्डमध्ये घेतले. दोघींनाही व्यावसायिक गाण्याचा अनुभव नव्हता. ओकींचा आवाज जाड, खर्जातला आणि भारदस्त आहे; सलीचा आवाज अगदी साधा, तालीम न घेतलेला, शेजारची मुलगी जिन्यात बोलावी तसा. त्यात मुरकी नाही, हुंदका नाही, कंप नाही. एखाद्या कसलेल्या गायिकेने हेच कडवे गायले असते तर कदाचित ते विनवणी झाले असते, किंवा त्वेषाचे झाले असते. सली नुसती सांगते. ठरवून झालेली गोष्ट माणूस जशी सांगतो तशी सांगते, आणि म्हणूनच ते मोडून काढता येत नाही. क्लबमध्ये सापडलेल्या मुलीलाच 'तुला मी घडवले' या बढाईचे उत्तर द्यायला मिळावे, याचे मला आजही नवल वाटते. त्या दोघीही पुढची चार दशके ओकींबरोबर त्याच बॅण्डमध्ये गात राहिल्या.

आता यंत्रांविषयी. निर्माते मार्टिन रशंट यांनी 'डेअर'साठी लिन एलएम-१ हे त्या वेळी नवेच आलेले ड्रम मशीन आणि रोलंड कंपनीचा मायक्रोकंपोझर वापरला. मायक्रोकंपोझरमध्ये प्रत्येक स्वराची जागा आणि लांबी आकड्यांत भरावी लागे, आणि मग तो सिंथेसायझरकडून ते स्वर हुबेहूब वाजवून घेई. एलएम-१ मधील ठोके खऱ्या ढोलांचेच होते, फक्त ते ध्वनिमुद्रित करून चिपमध्ये साठवलेले होते. अशा लयीत भाव कोठून येणार, हा लेखकाचा प्रश्न आपल्या कानांना स्वाभाविक आहे. आपल्याकडे तबलजी गायकाच्या श्वासाकडे पाहून वाजवतो, गायक रेंगाळला तर त्याला सांभाळून घेतो. परंतु या गाण्यात तसे सांभाळून घेणे घातक ठरले असते. तो लाडीगोडी करो, दटावो, आर्जव करो, खालची लय तसूभरही त्याच्या बाजूला झुकत नाही, आणि तिची पाळी येते तेव्हा तिच्याखालीही तीच लय, तेवढ्याच मापाने चालू राहते. भांडणात कोणाचीच बाजू न घेणारा असा तिसरा साक्षीदार जिवंत वादकाला होता आले असते का, याची मला शंका आहे. कोरडेपणा आहे, हे मी मान्य करते. पण तो न्यायाचा कोरडेपणा आहे.

याच सुमारास आपल्या मुंबईतही ही यंत्रे आली होती. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्याच यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. ती तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हती, आणि सुमारे तीन दशकांनी ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या संगीतप्रेमींनी ती डोक्यावर घेतली. यंत्र आणि भाव यांची फारकत आपल्याच शहरातल्या एका वादकाने तेव्हाच खोटी ठरवली होती, हे लेखकाने ध्यानात घ्यावे.

व्हिडीओचा उल्लेख लेखात एका ओळीत, 'धुके आणि रेनकोट' एवढाच आहे. मुंबईच्या वाचकाला तरी तो याहून अधिक सांगायला हवा होता. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी तो १९८१ च्या हिवाळ्यात लंडनजवळच्या स्लाउ परिसरात, गारठलेल्या ओल्या रात्री चित्रित केला, आणि तोही व्हिडीओ टेपवर नव्हे, तर चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर. एका खूनकथेच्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू आहे, ओकी दिग्दर्शक आहेत, सली यशस्वी अभिनेत्री आहे आणि ती त्याला आणि तो सेटही सोडून चालली आहे. कॅमेरे, दिवे, क्रेन, तंत्रज्ञ सगळे दिसत राहतात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९७३ मध्ये चित्रीकरणावरच एक चित्रपट काढला होता. त्याला मानवंदना म्हणून येथील क्लॅपबोर्डवर बॅण्डचे नाव फ्रेंच धाटणीने लिहिले आहे. मधूनमधून संकलनाची खोली दिसते, जिथे तिची छबी फिल्मच्या पट्टीवर पुढे-मागे केली जाते. आणि शेवटी कॅमेरा मागे सरकतो तेव्हा कळते की, ती खोली हासुद्धा एक सेटच होता.

मला हा शेवट गाण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोणी कोणाला घडवले ही कहाणी जो सांगतो, त्याच्याच हाती कात्री असते, आणि त्याच्यावरही कोणाचा तरी कॅमेरा रोखलेला असतो. ज्या शहरात दादर-परळपासून गोरेगावपर्यंत चित्रपटांचे स्टुडिओ उभे राहिले, आणि जिथे 'तिला मी पहिली संधी दिली' हे वाक्य मुलाखतींमधून आपण पिढ्यानपिढ्या वाचत आलो, त्या शहरात तरी हा व्हिडीओ धुक्यापाशी सोडून देऊ नये.

येथे मला एक कबुली द्यायला हवी. मीदेखील कित्येक वर्षे हे गाणे पुरुषाचे दुःख म्हणूनच ऐकले. गिरगावात आमच्या चाळीतला एक मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्याने १९८३ मध्ये आणलेल्या कॅसेटवर ते होते. इंग्रजी बेताचे, ध्रुवपद तोंडपाठ आणि बाकी सगळे अंदाजाने. त्याच वर्षी मी फोर्टमधील एका खासगी कार्यालयात टंकलेखिका म्हणून लागले. सहा वर्षांनी, रात्रीच्या वर्गांना जाऊन हिशेबाची परीक्षा दिल्यावर, मला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली. राजीनामा द्यायला गेले तेव्हा साहेब म्हणाले, "टाइपरायटरपुढून उचलून तुला माणसांत मी आणलं. बाहेर माझा एक फोन पुरेसा आहे, हे विसरू नकोस." मी काही बोलले नाही. घरी येऊन रडले, आणि त्यांचे उपकार विसरल्याची बोच पुढे बरीच वर्षे मनात राहिली. नव्वदच्या दशकात केबलवर एका रात्री हा व्हिडीओ लागला, तेव्हा तिचे कडवे मी पहिल्यांदा शब्द न् शब्द नीट ऐकले. साहेबांना द्यायचे उत्तर तिने माझ्याही आधी देऊन ठेवले होते, आणि ते इतके शांत होते की त्यात त्यांचा अपमानसुद्धा नव्हता.

अलीकडे आमच्या सोसायटीच्या नववर्षाच्या कार्यक्रमात हे गाणे लागले, तेव्हा पहिले कडवे आणि ध्रुवपद वाजवून ते दुसऱ्या गाण्यात मिसळले गेले. तरुण मुले-मुली हात उंचावून तो प्रश्न गात होती. उत्तर त्यांच्यापैकी कितीजणींनी ऐकले असेल, हे मला ठाऊक नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, पुरवणीच्या पुढच्या अंकात, जागा कितीही लहान असली तरी, दुसऱ्या कडव्याचा आशय मराठीत छापावा आणि ते सुझन अ‍ॅन सली हिने गायले आहे, हेही नोंदवावे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
गिरगाव, मुंबई