फुता घाटातल्या आजोबांचे आभार
परवा इटलीत बोलोन्याहून फ्लोरेन्सला जाताना ९०३ मीटर उंचीच्या फुता घाटात माझ्या १९६७ सालच्या अल्फा रोमिओ दुएत्तो या स्पोर्ट्‌स कारचा फॅन बेल्ट तुटला. इंजिन तापलं, माझा जीव टांगणीला. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून एक आजोबा आणि त्यांची नात आली. आजोबांनी आधी अंगातला कोट काढून मडगार्डवर अंथरला, पिनिनफरीना या इटालियन डिझाइन कंपनीने घडवलेल्या त्या गोलाईला ओरखडा नको म्हणून! मग घरून बेल्ट आणून बसवला, अंगठ्याने दाबून ताण पाहिला. इंजिन निवल्यावर नातीने रेडिएटरमध्ये पाणी भरलं. पैसे घेतलेच नाहीत. नावं विचारायची राहिली, ती चुटपुट अजून आहे. १५७० सीसीचं ते इंजिन पुन्हा गुरगुरलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आजोबा, पोरी, तुमचे मनापासून आभार.